एसएमडी सोल्डरिंग घरच्या टेबलावर : बारीक पार्ट हाताने कसे बसवायचे

शेतीपंपाचा ऑटो स्टार्टर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा डबा, यांतलं काहीही उघडून पाहा. बोर्डाला आरपार पाय असलेले जुने पार्ट थोडेच दिसतात. बाकी सगळे तांदळाच्या कणीएवढे, बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसवलेले. यांनाच एसएमडी म्हणतात. तालुक्याच्या गावात असा बोर्ड दुरुस्तीला नेला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : "एसएमडी आहे, पूर्ण बोर्डच बदला." आणि रात्रीच्या पाळीच्या विजेवर ज्याचं पाणी अवलंबून आहे, त्याला नवा बोर्ड येईपर्यंत थांबावं लागतं.

हे काम घरच्या टेबलावर होतं. त्यासाठी तरुण डोळे आणि न थरथरणारा हात लागतो, असा समज आहे. डोळ्यांची अडचण भिंग सोडवतं आणि मनगट टेबलावर टेकवलं की हात स्थिर होतो. खरं काम तीन गोष्टींवर चालतं : स्वच्छ धातू, भरपूर फ्लक्स (धातूवरचा गंज काढून सोल्डर पसरू देणारा पदार्थ) आणि पुरेशी उष्णता पोचवणारी बिट, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं तापणारं टोक. या तिन्ही असतील तर वितळलेलं सोल्डर आपणहून पॅडवर (पार्ट जोडायच्या तांब्याच्या जागेवर) पसरतं, पृष्ठताणामुळे पार्टला ओढून जागेवर आणतं आणि दोन पॅडांमधल्या हिरव्या थरावर थांबत नाही. सोल्डरिंग बिघडलं की आधी या तिघांपैकी काय कमी पडलं ते बघा, हाताला नंतर दोष द्या.

काय घ्यायचं आणि काय टाळायचं

साध्या २५ वॅटच्या आयर्नवर मोठे एसएमडी पार्ट बसवता येतात, शिकायला तेवढं पुरतं. पण हे काम नेहमी करणार असाल तर तापमान ठरवता येणारं स्टेशन घ्या. ९००एम जातीची बिट बसणारी स्टेशनं आणि त्यांच्या बिट सहज मिळतात. बिट निवडताना बहुतेक नवशिके सुईसारखी टोकदार बिट घेतात. पार्ट बारीक तर बिटही बारीक, असा हिशेब असतो. तो चुकीचा आहे. टोकाचा स्पर्श इतका कमी होतो की उष्णता पॅडपर्यंत पोचतच नाही, मग माणूस तापमान वाढवतो आणि पॅड उखडतो. दीड ते अडीच मिलिमीटर रुंदीची चपटी, छिन्नीसारखी बिट घ्या. दुसरी, तिरकी कापलेली गोल बिट आयसीच्या (अनेक पायांच्या चिपच्या) पायांच्या रांगेसाठी ठेवा. या दोघींवर जवळपास सगळं काम होतं.

सोल्डर तार ६३/३७ ची, अर्ध्या मिलिमीटर जाडीची, आत फ्लक्स असलेली. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं हे मिश्रण बरोबर १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० ची तार गोठताना काही अंशांपुरती मऊ लगद्यासारखी राहते. नेमक्या त्या क्षणी पार्ट हलला तर ड्राय सोल्डर (वरून लागलेला दिसणारा कच्चा जोड) होतं, म्हणून बारीक कामाला ६३/३७ च बरी. युरोपात जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आल्यानंतर कारखान्यातले बोर्ड मोठ्या प्रमाणावर बिनशिशाच्या सोल्डरवर गेले. ते साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतं. जुन्या बोर्डावरचा जोड हट्टीपणे सुटत नसेल तर बहुधा कारण हेच असतं. त्यावर आपली शिशाची तार थोडी वितळवून मिसळली की तो लवकर सुटतो.

फ्लक्स मात्र वेगळा घ्याच. तारेतला पुरत नाही. सिरिंजमध्ये मिळणारा जेल फ्लक्स सगळ्यात सोयीचा. तो नसेल तर रोझिन, म्हणजे चिडाच्या झाडाची राळ, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून घरी करता येतो. मिश्रणात राळ पाव हिस्सा असली की पुरे. पत्र्याच्या किंवा रेडिएटरच्या कामाचं ॲसिड बोर्डाला कधीही लावू नका. जोड त्या दिवशी सुंदर दिसतो आणि नंतर तांब्याचे ट्रॅक हिरवे पडून खाल्ले जातात.

बाकी सामान थोडं आहे : बारीक टोकाचा, लोहचुंबकाला न चिकटणारा चिमटा, दोनेक मिलिमीटर रुंद डीसोल्डर विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी), डोक्याला लावायचं भिंग, मल्टिमीटर, जुना टूथब्रश आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. हात धुवायचं सॅनिटायझर त्याच्या जागी चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

टेबल मांडताना

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की पंख्याशिवाय बसवत नाही. पण डोक्यावरचा पंखा दोन नुकसानं करतो : सुटे पार्ट उडवतो आणि जोड वितळत असतानाच थंड करतो. पंखा बंद करून टेबलफॅन किंवा कूलर असा ठेवा की वारा तुमच्या पाठीला लागेल, बोर्डाला नाही. सकाळी लवकर बसलात तर आणखी बरं, उजेडही चांगला असतो. धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकीपाशी बसा. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. धूर असतो तो रोझिनचा. तो दम्याच्या माणसाला त्रास देतो आणि रोज घेतला तर निरोगी माणसालाही सोसत नाही. शिसं बोटांवरून तोंडात जातं. म्हणून टेबलावर चहा-फराळ नको, उठल्यावर साबणाने हात धुवायचे आणि लहान मुलांना तार हाताळू द्यायची नाही.

बिट पुसायचा स्पंज बोअरच्या पाण्यात भिजवू नका. आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार तापलेल्या बिटवर थर धरतात आणि मग तिच्यावर सोल्डर चिकटत नाही. आरओचं किंवा बॅटरीत घालायचं पाणी वापरा, नाहीतर पितळी तारेची जाळी घ्या. ती सरस आहे, कारण बिट तिच्यात थंड होत नाही. काम थांबवताना बिटवर ताजं सोल्डर चढवूनच आयर्न बंद करा. उघडी बिट हवेत काळी पडते.

अर्थिंगकडे आवर्जून लक्ष द्या. कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साठते आणि मॉसफेट किंवा मायक्रोकंट्रोलर तिने निकामी होऊ शकतो, तेही काही दिसू न देता. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या पिनला तारच नसते, किंवा उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. ओळखीच्या वायरमनकडून एकदा तपासून घ्या. आयर्नचा प्लग सॉकेटमधून काढा, आयर्न थंड होऊ द्या आणि बिट ते प्लगची अर्थ पिन असा मल्टिमीटर लावा. मोजके काही ओहमच दिसायला हवेत. मनगटाला बांधायचा पट्टा वापरत असाल तर त्यात एक मेगाओहमचा रेझिस्टर आहे ना, ते बघा. तो तुमच्या सुरक्षेसाठी असतो.

शहाबादी फरशीवर पडलेला पार्ट सापडत नाही. टेबलाखाली जुनी पांढरी चादर अंथरा आणि सगळं काम काठ असलेल्या ताटात पांढरा कागद टाकून करा. तरीही उडालाच तर दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. लांब सावली पडते आणि पार्ट दिसतो.

आकारांची भाषा

रेझिस्टर-कपॅसिटरचे आकार चार अंकांत सांगतात. १२०६ म्हणजे ३.२ गुणिले १.६ मिलिमीटर, ०८०५ म्हणजे साधारण २ गुणिले १.२५, ०६०३ म्हणजे १.६ गुणिले ०.८ आणि ०४०२ म्हणजे १ गुणिले ०.५. हे अंक इंचाच्या शंभराव्या भागात आहेत. मागवताना एक धोका लक्षात ठेवा : मिलिमीटरच्या पद्धतीतही ०६०३ असा आकार आहे आणि तो जेमतेम ०.६ गुणिले ०.३ मिलिमीटरचा असतो. दुकानदाराला लांबी मिलिमीटरमध्येही सांगा. स्वतःचा बोर्ड बनवत असाल तर ०८०५ घ्या. ०६०३ सरावाने जमतो. ०४०२ हाताने बसतो, पण घरच्या प्रकल्पात मुद्दाम निवडायचं कारण नाही.

रेझिस्टरवर १०३ असेल तर १० वर तीन शून्यं, म्हणजे १० किलोओहम. ४७२ म्हणजे ४.७ किलोओहम, ४आर७ म्हणजे ४.७ ओहम. पिवळट-तपकिरी सिरॅमिक कपॅसिटरवर मात्र काहीच छापलेलं नसतं. म्हणून पट्टीतून एका वेळी एकाच किमतीचे कपॅसिटर काढा, ते बसवून झाल्यावरच दुसरी पट्टी उघडा.

दोन टोकांचा पार्ट

सरावासाठी बिघडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा बोर्ड भंगारातून आणा. त्यावरचे ०८०५ काढा, परत बसवा. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. बिनशिशाची तार असेल तर ३५० ते ३८०.

पॅड आधी अल्कोहोलने पुसा. घामाच्या बोटांचा डागही सोल्डरला अडवतो. दोन पॅडांपैकी एकाच पॅडवर थोडं सोल्डर चढवा, छोटी टेकडी होईल इतकंच. उजव्या हाताने काम करत असाल तर उजवीकडचा पॅड निवडा. आता दोन्ही पॅडांवर फ्लक्सचा थेंब. पार्ट चिमट्यात धरा, बोर्डावर सपाट टेकवा आणि टेकडीच्या शेजारी आणा. बिटने टेकडी वितळवा, पार्ट सरकवत तिच्यात न्या, बिट काढा. पार्ट मात्र धरूनच ठेवा, सोल्डर गोठेपर्यंत, म्हणजे एक-दोन सेकंद. नवशिके इथेच घाई करतात. चिमटा लवकर सोडला तर पार्ट बिटबरोबर उचलला जातो किंवा थडग्याच्या दगडासारखा उभा राहतो.

आता भिंगातून बघा. वाकडा असेल तर याच क्षणी सरळ करा, कारण एकच बाजू जोडलेली आहे. मग दुसरा पॅड : बिट अशी टेकवा की ती पॅड आणि पार्टचं टोक दोघांनाही एकदम शिवेल. तार बिटला न लावता त्या सांध्याला लावा. दोन-तीन सेकंदांत काम व्हायला हवं. शेवटी पहिल्या बाजूला पुन्हा फ्लक्स लावून एकदा वितळवा. पहिला जोड फक्त पकडण्यापुरता होता, त्यातला फ्लक्स जळून गेलेला असतो. हा पुनःस्पर्श टाळलेले जोडच पुढे ड्राय सोल्डर निघतात, असा माझा ठाम समज आहे.

चांगला जोड पॅडकडून पार्टच्या टोकाकडे आत वळलेल्या उतारासारखा चढतो. गोल फुगा दिसला तर सोल्डर जास्त झालं आहे किंवा धातू भिजलाच नाही. शिशाचा जोड चमकतो. बिनशिशाचा मुळातच थोडा मंद दिसतो, तो ड्राय समजू नका.

सिरॅमिक कपॅसिटर एकदम तापला की आतून तडकू शकतो आणि ती तड बाहेरून दिसत नाही. बिट त्याच्या अंगावर टेकवू नका, पॅडवर टेकवा. बसवून झाल्यावर बोर्ड वाकवायचा नाही, तेही तडकण्याचं नेहमीचं कारण आहे.

दिशेच्या बाबतीत सावध राहा, कारण खुणा एकसारख्या नाहीत. डायोडवरची रेघ कॅथोडची, म्हणजे ऋण बाजूची. गोल अल्युमिनियम कपॅसिटरवरचा काळा भागही ऋण. पण चौकोनी टँटॅलम कपॅसिटरवरची पट्टी धन बाजूची असते, आणि तो उलटा लावला तर पेट घेऊ शकतो. एलईडीवर सहसा हिरवी खूण कॅथोडला असते, तरी बसवण्याआधी मल्टिमीटरच्या डायोड सेटिंगवर पेटवून खात्री करा. पांढरा आणि निळा एलईडी काही मीटरांवर पेटत नाही.

पायांच्या रांगा असलेल्या आयसी

सुरुवात एसओआयसी या दोन बाजूंना पाय असलेल्या जातीपासून करा. त्यात पायांचं अंतर १.२७ मिलिमीटर असतं, आठ पायांचा ५५५ टायमर सरावाला उत्तम. चारही बाजूंना पाय असलेल्या टीक्यूएफपीमध्ये ते ०.८ किंवा ०.५ मिलिमीटरवर येतं, तरी पद्धत तीच.

आयसीवरचा ठिपका आणि बोर्डावरची पहिल्या पायाची खूण जुळवा. एका कोपऱ्यातल्या पॅडवर अगदी थोडं सोल्डर चढवून आयसी तिथे पकडा. मग चारही बाजूंनी भिंगातून पाहा की प्रत्येक पाय आपापल्या पॅडच्या मध्यावर आहे का. इथे वाटेल तितका वेळ द्या. संपूर्ण कामात हीच जागा महत्त्वाची आहे : नीट जुळलेली आयसी जवळपास आपोआप सोल्डर होते, अर्धा पाय सरकलेली कितीही कौशल्याने होत नाही. जुळली की समोरच्या तिरक्या कोपऱ्यातला पाय पकडा.

आता पायांच्या रांगेवर फ्लक्सची सलग रेघ ओढा, कंजुषी करू नका. तिरक्या बिटवर थोडं सोल्डर घ्या, रांगेच्या टोकाला पायांच्या बाहेरच्या कडेला टेकवा आणि सावकाश, न दाबता, दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्या. प्रत्येक पाय हवं तेवढं सोल्डर घेतो आणि उरलेलं बिटबरोबर पुढे जातं. शेवटच्या दोन पायांवर पूल होऊन ते एकत्र आले तर घाबरायचं कारण नाही. फ्लक्स लावा, बिट पुसून स्वच्छ करा आणि पुलावरून बाहेरच्या दिशेने ओढा. तरी राहिला तर विक ठेवून वरून बिट टेकवा. सोल्डर विकमध्ये शोषलं जाईल. विक आणि बिट एकदमच उचला. विक आधी थंड झाली आणि ओढली गेली तर पॅड घेऊन येते.

नंतर शिवणाच्या सुईने प्रत्येक पाय हळूच कडेला ढकलून पाहा. हलला तो जोडलेला नाही, दिसायला कितीही चकचकीत असो.

रेग्युलेटर आणि मोठे पॅड

५ व्होल्टवरून ३.३ करणारा एएमएस१११७ जवळपास प्रत्येक छोट्या बोर्डावर असतो. त्याची रुंद पाठपट्टी ग्राउंड नसून आउटपुट आहे. ग्राउंड समजून जोडली तर आउटपुट शॉर्ट होतो. पट्टीखाली तांब्याचा मोठा भाग असतो, तो उष्णता पिऊन टाकतो. तिथे रुंद बिट लावा, तापमान ३७० पर्यंत न्या, तीनऐवजी पाच-सहा सेकंद द्या. आधी तीन बारीक पाय, मग पट्टी.

बोर्ड भरायचा क्रमही इथेच ठरवा. रेग्युलेटर आणि त्याचे कपॅसिटर आधी बसवा, वीज देऊन ३.३ व्होल्ट मिळतात का मोजा आणि मगच महागडी आयसी लावा. बारीक पायांची आयसी उंच पार्टच्या आधी, म्हणजे बिटला आडवं यायला काही नसतं. कनेक्टर आणि रिले सर्वांत शेवटी.

क्यूएफएन जातीच्या आयसीला पाय बाहेर येत नाहीत आणि पोटाखाली एक पॅड असतो. त्याला ब्लोअर, म्हणजे गरम हवेची गन, लागतो. बीजीए (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली आयसी) घरच्या आयर्नवर बसत नाही, तो मोबाइलवाल्यांकडे न्या.

काढायचं असेल तर

दोन टोकांच्या पार्टच्या दोन्ही बाजूंना भरपूर सोल्डर चढवा, रुंद बिट आडवी टेकवून दोन्ही टोकं एकदम वितळवा आणि पार्ट बाजूला सरकवा. वर ओढू नका. एसओआयसीच्या दोन्ही रांगांवर सोल्डरची सलग पट्टी भरून आळीपाळीने तापवत राहिलात की आयसी सैल होते. ब्लोअर असेल तर ३२० ते ३५० अंश, वारा कमी, आणि आजूबाजूच्या प्लास्टिकच्या पार्टना उष्णता सोसणारी टेप लावून घ्या. पॅड उखडलाच तर तो ट्रॅक पुढे कुठे जातो ते शोधा आणि बारीक एनॅमल तारेचा जंपर टाका. तारेचं टोक ब्लेडने खरवडून आधी सोल्डरने भिजवून घ्या.

वीज देण्याआधी

अल्कोहोल आणि टूथब्रशने बोर्ड घासा, ओलं असतानाच वरचं द्रावण कापडाने टिपून घ्या. नुसतं वाळू दिलं तर फ्लक्स पांढरा थर होऊन तिथेच बसतो. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून सप्लाय आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना, ते बघा. कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर बीप येऊ शकतो. सतत आला तर पूल शोधा. पहिल्यांदा वीज देताना करंटला मर्यादा घालता येणारा सप्लाय वापरा.

२३० व्होल्टवर चालणाऱ्या एलईडी बल्बच्या किंवा स्टार्टरच्या बोर्डाला वेगळी शिस्त हवी. आतला फिल्टर कपॅसिटर साधारण ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तसाच राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर चांगल्या पकडीने लावून तो रिकामा करा, मीटरने शून्य झाल्याची खात्री करा, मगच आयर्न टेकवा. अशा अनेक बोर्डांत ट्रान्सफॉर्मरची आड नसते, त्यामुळे चालू असताना सगळाच बोर्ड जिवंत असतो. दुरुस्तीनंतर पहिली वीज सिरीज बोर्डातून, म्हणजे विजेच्या वाटेत ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून द्या. बल्ब भडक पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

शेतातल्या पेटीत जाणाऱ्या बोर्डाचं एक काम उरतं. पावसाळ्यात तिथे ओल धरते, मुंग्या येतात, पाली शिरतात. बोर्ड अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्या, रिले, कनेक्टर, प्रीसेट आणि फ्यूजच्या जागेवर टेप लावा आणि बाकी भागावर बोर्डासाठीचं कोटिंग वार्निश पातळ हाताने मारा, दोन्ही बाजूंना. पहिला थर सुकल्यावर दुसरा. पेटीत वायर घ्यायची भोकं खालच्या बाजूला ठेवा आणि ग्लँड लावून बंद करा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी आत येणार नाही.